हायलीया: शेजारच्या क्युबन आजींना कोपऱ्यावरच्या क्युबन हॉटेलात न्यायचंय, काय मागवू?

ओलीसांज

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे सात महिन्यांपूर्वी आम्ही मायामीशेजारी हायलीयाला राहायला आलो. वरच्या मजल्यावर एक क्युबन आजी एकट्या राहतात, पंचाहत्तरीच्या पुढच्या. आम्ही सामान चढवत होतो तेव्हा त्या जिन्यात उभ्या राहून हातवारे करून वाट मोकळी करून देत होत्या. संध्याकाळी दार वाजवून आख्खं फ्लान, म्हणजे अंड्या-दुधाचं कॅरॅमल पुडिंग, हातात ठेवून गेल्या. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, मला स्पॅनिश त्याहून कमी. तरी मध्यंतरी मी तापानं पडले होते तेव्हा दोन दिवस चिकनचं सूप त्यांनीच पोचवलं.

पुढच्या महिन्यात त्यांचा वाढदिवस आहे. त्यांना जेवायला बाहेर न्यावं असं फार मनात आहे. भपकेबाज जागी नाही. आमच्या कोपऱ्यावर एक छोटं क्युबन हॉटेल आहे, दहा-बारा टेबलं, आत उंच स्टुलांचा काउंटर, रस्त्याच्या बाजूला कॉफीची खिडकी. आजी रोज सकाळी त्या खिडकीशी उभ्या दिसतात, म्हणजे जागा त्यांच्या ओळखीची आहे.

अडचण आमच्या खाण्याची आहे. नवरा सगळं खातो. मी अंडी, चिकन, मासे खाते, बीफ आणि पोर्क नाही. आणि त्या सुमारास सासूबाई इथे असतील. त्या पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. मागे एकदा दुसऱ्या एका क्युबन हॉटेलात मी काळा राजमा आणि भात मागवला होता. "नो मीट?" असं विचारलं होतं, वेटर हो म्हणाला होता. चौथ्या-पाचव्या घासाला हॅमचे गुलाबी तुकडे निघाले. मला तेव्हा रडूच आलं. सासूबाईंच्या बाबतीत असं झालेलं मला अजिबात चालणार नाही.

तर कशाला काय म्हणतात, सासूबाईंना काय चालेल, पैसे आणि टिप कसं करायचं आणि आजींच्या बाबतीत काय सांभाळायचं, एवढं कुणी सांगेल का?

दर्यासारंग

मी टॅम्पाला राहतो, त्यामुळे तुमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलाबद्दल बोलू शकत नाही. पण तुमच्या यजमानांसाठी एक सांगतो, त्यांनी क्युबन सँडविच चुकवू नये. भाजलेलं पोर्क, हॅम, स्विस चीज, काकडीचं लोणचं आणि पिवळी मोहरी, बस. लेट्यूस-टोमॅटो नाही. हे सगळं लांबट क्युबन पावात घालून गरम दाबयंत्राखाली चेपतात आणि तिरकं कापतात. पावाचं वरचं कवच पापडासारखं मोडायला हवं. मऊ आला तर परत द्यावा असं माझं मत.

आमच्याकडे त्यात सलामी असते, मायामीत नसते. यावरून दोन्ही शहरं हमरीतुमरीवर येतात. कारण सरळ आहे. टॅम्पाचं इबोर सिटी १८८०च्या दशकात सिगारच्या कारखान्यांभोवती वसलं. तिथे क्युबन आणि स्पॅनिश कामगारांच्या जोडीला सिसिलीहून आलेले इटालियनही होते. सलामी त्यांच्याकडून आली. २०१२ साली टॅम्पाच्या नगर परिषदेनं सलामीवालं सँडविच शहराचं म्हणून ठरावानं जाहीर केलं. इथला पाव भाजताना वर पामेटो नावाच्या ताडाच्या पानाची ओली पट्टी ठेवतात, त्या रेषेवर तो उकलतो. पाव हातात घेतलात की ती भेग बघा.

शाकाहाराचं मात्र जाणकारांनीच सांगावं.

केवडा

ओलीसांज, जेवणाच्या सुट्टीत तुमचा धागा वाचला आणि राहवेना. लांबलचक लिहिणार आहे.

मी चौदा वर्षं मायामीच्या वेस्टचेस्टर भागात राहते आणि दातांच्या दवाखान्यात काम करते. आम्ही तिथे पाच जणी, त्यातल्या तिघी क्युबन. या जेवणाबद्दल मला जे काही कळतं ते या तिघींमुळे. बर्ड रोडवरच्या एका साध्या हॉटेलात आम्ही जवळजवळ दर शुक्रवारी जातो.

दर्यासारंग, सँडविचबद्दल सगळं पटलं, पण वाढदिवसाच्या जेवणाला आजी सँडविच खाणार नाहीत. ते दुपारी घाईत खायचं किंवा रात्री उशिरा. बसून जेवायचं म्हणजे भात, राजमा, केळं आणि एखादं कालवण.

पहिली गोष्ट म्हणजे मेनूच्या मागे लागू नका. प्लॅस्टिकचं आवरण घातलेली आठ पानं असतात आणि त्यात जगातलं सगळं असतं. त्याला आत चिमट्यानं एक साधा कागद लावलेला असतो, त्या दिवसाचे पदार्थ लिहिलेला. तो मागा. त्यावरचं सकाळी मोठ्या पातेल्यात शिजवलेलं असतं आणि आसपासची माणसं त्यासाठीच येतात. सोमवारी काय, गुरुवारी काय, हे त्यांना पाठ असतं. आजींनाही असणार. वाढदिवस कुठल्या वारी आहे ते बघा आणि त्या वाराचा कागद आदल्या आठवड्यातच जाऊन वाचून या.

हॉटेल कसं आहे ते मी काळ्या राजम्यावरून ओळखते. फ्रिहोलेस नेग्रोस. कांदा, हिरवी ढोबळी मिरची आणि लसूण तेलात मंद परततात, त्याला सोफ्रितो म्हणतात. त्यात जिरं, ओरेगानो, तमालपत्र. शेवटी थोडं व्हिनेगर आणि चिमूटभर साखर. नीट शिजलेला राजमा चमच्यातून ओतला तर रस्सा पाण्यासारखा पळत नाही, सावकाश उतरतो, जांभळट काळा, तकतकीत. तो वेगळ्या वाटीत येतो आणि आपण भातावर ओतून घ्यायचा. सँडविच चांगलं निघायला चांगला पाव आणि दाबयंत्र पुरतं. राजमा चांगला निघायला कुणीतरी पहाटे उठून चुलीपाशी उभं राहावं लागतं. वाटीत रस्सा पातळ आणि दाणे सुटे असतील तर मी त्या हॉटेलात पुन्हा जात नाही.

आता कशाला काय म्हणतात ते. रोपा व्हिएहा म्हणजे 'जुने कपडे', टोमॅटोच्या रश्शातले बीफचे सुटे धागे. वाका फ्रीता तेच, पण लिंबू आणि कांदा घालून कुरकुरीत तळलेलं. पिकादियो हा बीफचा खिमा, त्यात ऑलिव्ह आणि बेदाणे. पालोमिया हा बीफचाच पातळ तुकडा, वर कच्चा कांदा. बोलिचे आणि तासाहो हेही बीफ. हे सगळे तुम्ही टाळायचे. पोर्क म्हणजे लेचोन किंवा मासितास. क्रोकेता बहुतेक वेळा हॅमची असते, बाहेरून बटाटेवड्याच्या धाकट्या भावासारखी दिसते म्हणून चुकून उचलाल.

तुमच्यासाठी आर्रोस कॉन पोयो, म्हणजे चिकन घातलेला पिवळा भात. काही ठिकाणी तो सैलसर करतात, आला चोरेरा म्हणतात त्याला, आणि तो मिळाला तर दुसरं काही बघूही नका. फ्रिकासे दे पोयो हे बटाटे घातलेलं चिकनचं कालवण, तेही छान. आणि एन्चिलादो दे कामारोनेस म्हणजे टोमॅटोच्या रश्शातली कोळंबी. नाव मेक्सिकन एन्चिलादासारखं वाटतं, संबंध काही नाही. तसंच इथे तोर्तिया म्हणजे पोळी नव्हे, ऑम्लेट. यातलं काहीच तिखट नसतं. क्युबन स्वयंपाकात मिरचीचा जाळ नाहीच, जो काही झणका आहे तो लसणाचा आणि आंबट संत्र्याचा.

तुमच्या त्या राजम्याच्या प्रसंगाबद्दल. वेटर बहुधा खोटं बोलला नव्हता. स्पॅनिशमध्ये 'कार्ने', म्हणजे मांस, म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर बीफच येतं. हॅम त्यांच्या लेखी मांस कमी, फोडणीचा भाग जास्त. म्हणून 'मांस आहे का' असं विचारून भागत नाही, एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. "लोस फ्रिहोलेस तिएनेन हामोन? तोसिनो? मांतेका?" हामोन म्हणजे हॅम, तोसिनो म्हणजे बेकन, मांतेका म्हणजे डुकराची चरबी. आणि वेटरच्या उत्तरावर थांबू नका, "पुएदे प्रेगुंतार एन ला कोसिना?" म्हणजे स्वयंपाकघरात विचारता का, असं म्हणा. कुणी रागावत नाही. मला आजवर "सि, मि आमोर", म्हणजे 'हो, माझ्या लाडके', असंच उत्तर मिळालंय. तिथल्या बायका सगळ्यांनाच मि आमोर, मि व्हिदा म्हणतात. सासूबाईंनाही म्हणतील, आधी सांगून ठेवा.

आता आजींबद्दल, कारण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

माझ्या तिघींपैकी जी सगळ्यांत मोठी, ती १९६९ साली सहा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर विमानानं आली. १९६५ ते १९७३ या काळात क्युबातल्या वारादेरोहून मायामीला नियमित विमानं येत. त्यांना 'स्वातंत्र्याची उड्डाणं' म्हणत, सुमारे ३ लाख माणसं त्यातून आली. घर, दुकान, भांडीकुंडी सगळं तिथेच सोडून. मायामीच्या डाउनटाउनमधला तो पिवळसर मनोरा पाहिला असेल तुम्ही, फ्रीडम टॉवर. आलेल्या लोकांची नोंद, औषधपाणी, मदत हे सगळं तिथे होई. सरकारी मदतीत चीजची मोठी लादी, शेंगदाण्याचं लोणी, दुधाची पूड आणि डब्यातलं मांस मिळे. तिची आई त्या डब्यातल्या मांसाला सोफ्रितोची फोडणी देऊन भाताबरोबर वाढायची, असं ती सांगते.

ती म्हणते की रोपा व्हिएहा तिनं पोटभर खाल्लं ते मायामीत. क्युबात १९६२पासून रेशनची वही आली, बीफ क्वचितच दिसे, आणि शेतकऱ्याला स्वतःची गायसुद्धा परवानगीशिवाय मारता येत नसे. ज्याला सगळे क्युबाचा राष्ट्रीय पदार्थ म्हणतात त्याची चव तिला देश सोडल्यावर कळली. मी बीफ खात नाही, पण हे ऐकल्यापासून शेजारच्या ताटात तो पदार्थ आला की मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघते.

आजी कोणत्या साली आल्या, कशा आल्या, ते तुम्हाला माहीत नसेल. १९८०मध्ये क्युबातल्या मारिएल बंदरातून होड्यांनी आलेले सव्वा लाख लोक आहेत, नंतर आलेलेही पुष्कळ. प्रत्येकाची गोष्ट वेगळी. म्हणून कास्त्रोचा विषय तुम्ही काढू नका, आणि "आम्हाला एकदा हवाना बघायचंय" हेही पहिल्याच जेवणात नको. त्यांनी काढला तर ऐका. माझ्या अनुभवात त्या काढतातच, पण कॉफी आल्यावर.

कॉफीबद्दल सांगते. जेवणानंतर टेबलावर कोर्तादितो मागवता येते, थोडं दूध घातलेली. पण मी तुमच्या जागी असते तर आजींना घेऊन त्या खिडकीशीच गेले असते. व्हेंतानिता म्हणतात तिला. तिथे उभं राहून आत बघा. बाई स्टीलच्या पेल्यात तीन-चार चमचे साखर घालते, यंत्रातून कॉफीचे पहिले काळे थेंब पडले की तेवढेच त्या साखरेवर घेते आणि चमच्यानं भराभरा फेटायला लागते. साखर आधी ओल्या वाळूसारखी, मग तपकिरी, मग हळूहळू फिकट होत मलईसारखी दाट. मग उरलेली कॉफी वरून ओतते आणि तो फेस वर तरंगत येतो. त्याला एस्पुमिता म्हणतात. चांगल्या बाईच्या हातची एस्पुमिता शेवटच्या घोटापर्यंत टिकते.

तिथे 'कोलादा' मागवा. थर्मोकोलच्या एका पेल्यात कॉफी आणि वर अंगठ्याएवढे पाच-सहा प्लॅस्टिकचे छोटे पेले. ती एकट्यानं प्यायची नसतेच, वाटायची असते. आमच्या दवाखान्यात दुपारी तीनच्या सुमारास कुणीतरी एक जण जाऊन आणते. पेशंट खुर्चीत नसेल तर त्या पाच मिनिटांत कुणी काम करत नाही. मी नवी होते, कुणाशी धड बोलत नव्हते, तेव्हा तिसऱ्या दिवशी न विचारता माझ्या हातात तो छोटा पेला आला होता. मायामीचा फोन कोड ३०५ आहे, म्हणून इथे दुपारी ३:०५ला कॉफीची वेळ मानतात. साखर खूप असते, आजींना मधुमेह असेल तर त्या स्वतःच नाही म्हणतील, आग्रह नको.

पैसे. आजी पैसे देऊ देणार नाहीत, हे गृहीत धरा. माझ्या मैत्रिणीची आई बिल येताना दिसलं की वेट्रेसचं मनगट पकडते. जेवायला बसण्याआधी काउंटरवर कार्ड देऊन ठेवा आणि 'कुंप्लेआन्योस', म्हणजे वाढदिवस, एवढा एकच शब्द सांगा. बाकी त्या बायका बघून घेतील. बिल आलं की आधी खाली वाचा. इथे पुष्कळ ठिकाणी १८ टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो. नसेल तर १८ ते २० टक्के टिप ठेवा. काउंटरवर त्याच बाईनं वर्षानुवर्षं वाढलेलं असतं, मी तिथे थोडी जास्तच ठेवते.

सुट्टी संपली. सासूबाईंचं संध्याकाळी लिहिते.

पाऊलवाट

केवडा यांना अनुमोदन. आम्ही न्यू जर्सीच्या युनियन सिटीजवळ राहतो. बर्गनलाइन अव्हेन्यूवर अशी हॉटेलं ओळीनं आहेत आणि त्या गावाला 'हडसनकाठची हवाना' म्हणत आलेत. एक पुरवणी: पपईचं मिल्कशेक हवं असेल तर 'पपाया' म्हणू नका. हवानाकडच्या लोकांत तो शब्द असभ्य अर्थानं वापरतात. 'फ्रुता बोंबा' म्हणा. आजींसमोर सासूबाईंनी निरागसपणे मागितलं तर पंचाईत व्हायला नको.

ओलीसांज

केवडाताई, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. वाढदिवस गुरुवारी येतोय. आज संध्याकाळी जाऊन गुरुवारचा कागद बघून आले, त्यावर फ्रिकासे दे पोयो आहे! राजम्याबद्दलही विचारलं. त्यांनी आतून विचारून सांगितलं की काळ्या राजम्यात हॅम नाही, मांतेकाही नाही, तेल आहे. पण लाल राजम्यात चोरिसो, म्हणजे पोर्कचं सॉसेज, आहे म्हणाले. भाताचं विचारायला विसरले. सासूबाईंना आणखी काय देता येईल? नुसता राजमा-भात त्यांच्यासमोर ठेवायला मन धजत नाही.

केवडा

गुरुवारी फ्रिकासे, मग तर झालंच. आणि काळ्या-लालचा फरक तुम्ही विचारून काढलात हे फार चांगलं केलंत.

पांढरा भात बहुतेक ठिकाणी तेल-मीठ-लसूण घालून करतात, पण कुठे कुठे त्यातही मांतेका जाते, तेव्हा उद्या तेवढं विचारून घ्या. मोरोस किंवा कोंग्री मात्र नको. ते राजमा आणि भात एकत्र शिजवलेले असतात आणि त्यात डुकराचं मांस घालायची पद्धतच आहे.

सासूबाईंसाठी सगळ्यांत आधी युका कॉन मोहो मागवा. युका म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो तोच कंद. उकडलेला, पांढरा शुभ्र, बोटानं दाबला तर भेगाळतो, आणि वर लसूण, आंबट संत्र्याचा रस, गरम तेल आणि कांदा. उपासाला साबुदाणा खाणाऱ्या माणसाला हे सांगितलं की चेहरा बदलतो, माझ्या आईचा बदलला होता. गरम असतानाच खायला सांगा, गार झाला की चिकट आणि दडस होतो. काही ठिकाणी मोहोमध्ये पोर्कचा रस घालतात, तेही विचारा.

मग मादुरोस. राजेळी केळ्यासारखं मोठं केळं साल काळं पडेपर्यंत पिकवून तिरक्या फोडी तळतात, कडा जळकट गोड होतात. तोस्तोनेस हे त्याच केळ्याचं कच्चं रूप, एकदा तळून, चेपून, पुन्हा तळलेलं, मीठ शिंपडून. दोन्ही मागवा. पण तळणीचं तेल! त्याच तेलात क्रोकेता आणि मासितास तळत असतील. सासूबाईंना ते चालणार नसेल तर तळणं सोडूनच द्या आणि उकडलेल्यावर राहा. हा निर्णय त्यांनाच करू द्या, तुम्ही परस्पर ठरवू नका. माझ्या आईला मी न सांगता वाढलं होतं, नंतर कळल्यावर ती काही बोलली नाही, पण त्या रात्री जेवली नाही. ते मला अजून लागतं.

टेबलावर लोणी लावून चेपलेला पाव टोपलीत आपोआप येतो. तो त्यांना देऊ नका, क्युबन पावाच्या पिठात मांतेका घालतात. पेरूची पेस्ट भरलेले पास्तेलितोही त्याच कारणानं नको. मालांगा नावाच्या अळूसारख्या कंदाच्या भज्यांत अंडं असतं. अवोकाडोचं सॅलड मात्र निर्धास्त द्या. उन्हाळ्यात इथलं मोठं, हिरव्या गुळगुळीत सालीचं अवोकाडो येतं, वर कांदा, तेल, मीठ.

गोडात फ्लान, नातिया, त्रेस लेचेस यांत अंडं आहे. आर्रोस कॉन लेचे म्हणजे दालचिनी आणि लिंबाची साल घातलेली तांदळाची खीर, ती बहुधा चालेल, विचारून घ्या. आणि बातिदो दे मामेय. मामेय हे चिकूच्या कुळातलं फळ, आतून विटकरी-केशरी. दुधाबरोबर घुसळलं की इतकं दाट होतं की स्ट्रॉ उभी राहते. उसाचा रसही मिळेल, ग्वारापो नावानं.

एक विनंती. आजींना फ्लान तिथे मागवू नका. त्यांच्या हातचं तुम्ही खाल्लंय. हॉटेलातलं फ्लान मागवलंत तर तुलना होणार आणि त्या मनातून खट्टू होतील. केक हवाच असेल तर बाहेरून नेऊन काउंटरवर ठेवायला द्या.

दर्यासारंग

पोर्कच्या पलीकडे मी या हॉटेलांत कधी बघितलंच नव्हतं. युका या आठवड्यात खाऊन बघतो.

ओलीसांज

परवा जाऊन आलो. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी अकरालाच कार्ड देऊन आले होते. काउंटरवरच्या बाईला मी "कुंप्लेआन्योस" म्हटलं आणि वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. तिनं आजींचं नाव स्वतःच घेतलं आणि दोन्ही हात छातीशी नेले. आम्ही एक वाजता पोचलो तर भिंतीकडेचं टेबल लावून ठेवलं होतं आणि पावाच्या दोन टोपल्या होत्या, एकीवर रुमाल, सासूबाईंपासून लांब.

आजींनी मेनू हातातही घेतला नाही. राजम्याची वाटी आली तशी त्यांनी बारीक चिरलेला कच्चा कांदा मागवला, वाटीत घातला, वरून ऑलिव्ह तेलाची धार सोडली, एक चमचा खाल्ला आणि मान हलवली. मग तीच वाटी सासूबाईंपुढे सरकवून तसंच करायला लावलं. सासूबाईंनी केलं आणि मला म्हणाल्या, "जिऱ्याची फोडणी आहे गं ही." ते मी मोडक्यातोडक्या शब्दांत आजींना सांगितलं, "कोमिनो." त्यावर त्या दोघींचं जे सुरू झालं, एक मराठीतून, एक स्पॅनिशमधून, बोटांनी माप दाखवत. लसूण किती, भिजवायचा किती वेळ. मी मध्ये पडले नाही.

तळलेलं सासूबाईंनी स्वतःहून नको म्हटलं. युका त्यांनी दोनदा घेतला. भात पूर्ण शाकाहारी निघाला. तुम्ही म्हणालात तसं बिल मागायची वेळ आली तेव्हा आजी पर्स उघडून उठल्याच. काउंटरवरची बाई तिथूनच ओरडून काहीतरी म्हणाली आणि सगळे काउंटरवाले हसले. आजी रागावल्या, मग बसल्या. १८ टक्के बिलात होतेच, मी वर थोडे काउंटरवर ठेवले.

मग खिडकीशी गेलो. कोलादा आजींनी मागवली आणि पैसे मला देऊ दिले नाहीत. छोट्या पेल्यांत त्यांनीच ओतली, आधी सासूबाईंना. आणि केवडाताई, कॉफी हातात आल्यावरच त्या बोलायला लागल्या. नवऱ्यानं फोनवर भाषांतर धरलं होतं, ते त्यांनी हातानं खाली करायला लावलं. सिएनफ्वेगोस हे गावाचं नाव आणि १९८० एवढंच मला कळलं. पुढचं मी नुसतंच ऐकलं.

सासूबाई आज सकाळपासून काळा राजमा भिजत घालून बसल्यात. आजी चारला खाली येणार आहेत दाखवायला. घरात तमालपत्र संपलंय, तेवढं आणायला निघते.